जवळच्या भाषांमधील अंतर : रायपूरच्या पहिलीच्या वर्गातील द्विभाषिक व्यवहार

१

प्राथमिक शिक्षण एकाच वेळी दोन भाषांतून देता येईल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही प्रयोगांमुळे शिक्षणशास्त्राच्या अग्रभागी आला. अमेरिकेतील मायामी शहरात कोरल वे या शाळेत १९६३ साली इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणारी मुले एकत्र बसवून दोन्ही भाषांतून शिकविण्यास प्रारंभ झाला. पुढे १९६५ साली कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट येथे इंग्रजी घरांतील बालकांचा एक वर्ग आरंभापासून फ्रेंच भाषेतून चालविण्यात आला. वॉलेस लँबर्ट व रिचर्ड टकर यांनी त्या वर्गाचा अभ्यास करून आपले निष्कर्ष १९७२ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. भाषा हा विषय म्हणून न शिकविता मुलाला त्या भाषेच्या व्यवहारातच बुडवून ठेवण्याच्या या पद्धतीस 'निमज्जन' असे म्हणता येईल. चिनी भाषेच्या बाबतीत सॅन फ्रान्सिस्को येथे १९८१ साली असा प्रयत्न सुरू झाला. युटा राज्याने तर २००८ साली कायदा करून अनेक शाळांत ही व्यवस्था आणली. तेथील पहिलीच्या वर्गात दिवसाचा अर्धा भाग इंग्रजीचा व अर्धा भाग चिनीचा असतो, दोन भाषांना दोन स्वतंत्र शिक्षक असतात, आणि गणितासारखा विषयही चिनीतून शिकविला जातो.

या व्यवस्थेतील एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. इंग्रजी घरातील मुलाने चिनी तासाला इंग्रजीत उत्तर दिले, तर ते उत्तर चिनी नव्हे एवढेच ठरते. त्याला कोणी अशुद्ध चिनी म्हणत नाही. दोन भाषांची लिपी, उच्चार आणि वाक्यरचना इतकी भिन्न आहे की एकीचे रूप दुसरीची चूक म्हणून गणले जाण्याचा संभवच नाही. दूरत्वामुळे प्रत्येक भाषेचा मान आपोआप राखला जातो.

छत्तीसगडमधील रायपूर येथील पहिलीच्या वर्गात परिस्थिती नेमकी उलट आहे. तेथे घरची भाषा पुष्कळदा छत्तीसगढी असते आणि पुस्तकाची भाषा हिंदी असते. दोहोंची लिपी एकच, शब्दसंग्रह मोठ्या प्रमाणावर समान. तहानलेले मूल शिक्षकाला 'मोला पानी दे' असे म्हणते, आणि पुस्तक त्याला 'मुझे पानी दो' असे म्हणावयास शिकविते. त्याच बाकावर बसलेले मराठी घरातील मूल 'मला पाणी दे' असे म्हणत शाळेत आलेले असते. या तीन वाक्यांत अंतर अल्प आहे, आणि अडचण त्या अल्पतेतच आहे. जवळच्या भाषेचे रूप हे वेगळ्या भाषेचे रूप म्हणून ओळखले जात नाही. ते बिघडलेले रूप म्हणून दुरुस्त केले जाते. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच आहे.

२

रायपूरच्या भाषिक स्थितीची पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे येथे आवश्यक आहे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात छत्तीसगढीचा समावेश अवधी व बघेली यांच्यासह पूर्वी हिंदीत केलेला आहे, तर आजच्या प्रमाण हिंदीचा पाया असलेली खडी बोली ही पश्चिमी हिंदीत मोडते. म्हणजे वर्गातील दोन भाषा एकाच शाखेच्या नाहीत. छत्तीसगढीचे व्याकरण हिरालाल काव्योपाध्याय या शाळामास्तराने १८८५ साली सिद्ध केले, आणि ग्रियर्सन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८९० मध्ये प्रसिद्ध केले. हिंदीची काही व्याकरणे त्यापूर्वी झाली होती हे खरे. परंतु कामताप्रसाद गुरू यांचे सर्वमान्य हिंदी व्याकरण १९२० सालचे आहे. जिला व्याकरण नाही असे आजही सहजपणे म्हटले जाते, त्या भाषेचे व्याकरण त्याच्या ३५ वर्षे आधी एका शिक्षकाने लिहिले होते.

मराठीचा या प्रदेशाशी असलेला संबंधही जुना आहे. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूर येथून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. तथापि भोसल्यांच्या आमदानीत आलेली मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली. रायपुरातील तात्यापारा हे वस्तीचे नावच मराठी वळणाचे आहे, आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ हे या समाजाचे आजचे केंद्र आहे. दक्षिणेकडे बस्तरमध्ये बोलली जाणारी हलबी ही मराठी, ओडिया व छत्तीसगढी यांच्या संगमावरची भाषा असून ग्रियर्सन यांनी तिचा विचार सर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडात केला आहे. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे, माना येथील छावणीत आलेले पूर्व बंगालमधील निर्वासित, ओडिया व तेलुगू श्रमिक यांचीही भर या शहरात पडली. त्यामुळे रायपूरचा पहिलीचा वर्ग दोनच भाषांचा क्वचित असतो. परंतु त्यातील मुख्य ताण छत्तीसगढी व हिंदी यांच्यातला आहे, आणि मराठी मूल त्या ताणाकडे तिसऱ्या कोनातून पाहते.

२०११ च्या जनगणनेत छत्तीसगढी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ६२ लाख होती. मात्र ही संख्या हिंदीच्या एकूण संख्येत समाविष्ट केलेली आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी स्वतंत्र राज्य झाले, २८ नोव्हेंबर २००७ रोजी विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले. तरीही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. कायद्याने भाषा आणि गणनेने बोली, अशा दुहेरी अवस्थेत असलेली ही भाषा घेऊन मूल पहिलीत प्रवेश करते.

३

पहिलीच्या वर्गाचा एक आठवडा हे या दुहेरी अवस्थेच्या निरीक्षणाचे उत्तम साधन आहे. पुढील मांडणीत पाठ्यक्रमातील एकेक घटक विवेचनाच्या सोयीसाठी एकेका वाराला जोडला आहे. प्रत्यक्ष वेळापत्रकात हे घटक दररोज एकमेकांत मिसळलेले असतात.

सोमवार : कुटुंबाचा पाठ. पहिलीच्या पुस्तकात घरातील माणसांचा पाठ असतोच. हिंदी पुस्तकातील 'दादा' म्हणजे वडिलांचे वडील. मराठी घरातील मुलाचा 'दादा' म्हणजे थोरला भाऊ. छत्तीसगढी घरात 'ददा' म्हणजे वडील, आणि 'दाई-ददा' म्हणजे आईवडील. चित्रात पांढऱ्या मिशांचे वृद्ध गृहस्थ दाखवून 'ये दादाजी हैं' असे म्हटले, की एका मुलाला ते भाऊ वाटत नाहीत आणि दुसऱ्याला वडील वाटत नाहीत. येथे एकभाषिक वर्ग एकच करू शकतो : पुस्तकातील अर्थ पाठ करून घेणे. द्विभाषिक वर्ग मात्र हा शब्द फळ्यावर तीनदा लिहून प्रत्येकासमोर वेगळे चित्र काढू शकतो. त्यास पाच मिनिटे लागतात. पण त्या पाच मिनिटांत एकाच ध्वनीला निरनिराळ्या घरांत निरनिराळा अर्थ असू शकतो, हे भाषेविषयीचे मूलभूत ज्ञान मुलाला मिळते. पुढे मराठी मुलाला 'शिक्षा' हा शब्द भेटतो. त्याच्या घरी तो दंडाचा वाचक आहे, शाळेत तो विद्येचा. सोमवारचा धडा त्या वेळी उपयोगी पडतो.

मंगळवार : अक्षरओळख आणि श्रुतलेखन. वाराचे नावच येथे प्रश्न उपस्थित करते. मराठीत मंगळवार, हिंदीत मंगलवार. 'ळ' हे अक्षर हिंदी वर्णमालेत नाही, छत्तीसगढीतही नाही. परंतु त्याच्या जागी दोन्ही भाषांत एकच ध्वनी येतो असे नाही. मराठी 'फळ', 'केळे', 'हळद', 'पोळा' यांच्या जागी हिंदीत 'फल', 'केला', 'हल्दी', 'पोला' असा लकार आहे, तर छत्तीसगढीत 'फर', 'केरा', 'हरदी', 'पोरा' असा रकार आहे. हिंदीच्या दृष्टीने 'केरा' हा अशुद्ध उच्चार ठरतो. तुलनात्मक दृष्टीने ती नियमबद्ध ध्वनिसंगती आहे. सहा वर्षांच्या मुलाला ध्वनिसंगतीचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. पण 'घरी केरा, पुस्तकात केला' अशा जोड्या लावण्याचा खेळ त्याला सहज जमतो, आणि चूक दुरुस्त करण्याऐवजी नियम शोधण्याची सवय त्यास लागते.

श्रुतलेखनात मराठी मुलाची अडचण निराळी आहे. देवनागरी एक असली तरी तिचे संकेत एक नाहीत. हिंदीत 'घोड़ा' लिहिताना ड खाली टिंब येते, मराठीत येत नाही. हिंदीत 'शांति' व 'व्यक्ति' ऱ्हस्व, मराठीत 'शांती' व 'व्यक्ती' दीर्घ. 'ल' आणि 'श' या अक्षरांची मराठी वळणे हिंदीतील रूढ वळणांहून वेगळी आहेत. 'ज्ञ' चा उच्चार एका भाषेत द्न्य, दुसरीत ग्य. 'जहाज' मधील दोन्ही जकार मराठीत दंत्य, हिंदीत तालव्य. घरी आजीने पाटीवर गिरवून घेतलेले अक्षर शाळेत चुकीचे ठरते, आणि मुलाला प्रथमच असे वाटू लागते की आजीला लिहिता येत नाही. छत्तीसगढी मुलाला असा अनुभव उच्चाराच्या बाबतीत येतो. त्याच्या घरी श व स यांत भेद केला जात नाही. तो 'सहर' म्हणतो आणि हिंदी पुस्तकात 'शहर' असते.

बुधवार : वाक्याचा पाठ. व्याकरणदृष्ट्या सर्वांत मोठे अंतर येथे आहे. छत्तीसगढीत 'दाई भात रांधत हे' आणि 'ददा भात रांधत हे' या दोन वाक्यांत क्रियापद बदलत नाही. हिंदीत 'पका रही है' व 'पका रहा है' असा लिंगभेद अपरिहार्य आहे. मराठीत 'आई भात रांधते' व 'बाबा भात रांधतात' असे होते, आणि नामांना तीन लिंगे आहेत. म्हणजे एका बाकावरच्या मुलांपैकी एकाला क्रियापदाचे लिंग नव्याने शिकावयाचे आहे, तर दुसऱ्याला तीनांतून एक लिंग वजा करावयाचे आहे. मराठीत 'पुस्तक' नपुंसकलिंगी, हिंदीत तोच शब्द स्त्रीलिंगी. 'घर' व 'पाणी' मराठीत नपुंसक, हिंदीत पुल्लिंगी. 'व्यक्ती' मराठीत स्त्रीलिंगी, हिंदीत पुल्लिंगी. 'आत्मा' याच्या अगदी उलट. नपुंसकलिंगी शब्द कोणत्या बाजूस जाईल याचा निश्चित नियम मुलाला सांगता येत नाही.

भूतकाळातील 'ने' ची गोष्टही अशीच आहे. 'राम हर आमा खाइस' या छत्तीसगढी वाक्यात कर्त्याला 'ने' लागत नाही आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालत नाही. हिंदी 'राम ने आम खाया' आणि मराठी 'रामाने आंबा खाल्ला' यांची रचना मात्र परस्परांशी जुळते. म्हणून या ठिकाणी मराठी मूल पुढे जाते, आणि छत्तीसगढी मुलाच्या हिंदीतून 'ने' गळतो. याउलट चतुर्थीच्या रूपांत छत्तीसगढी व मराठी एकत्र येतात : 'मोला', 'तोला', 'ओला' आणि 'मला', 'तुला', 'त्याला'. 'मुझे' हे रूप दोघांनाही परके. शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या चुका वेगवेगळ्या आहेत, त्यांची कारणे वेगवेगळी आहेत, आणि प्रत्येकाची चूक त्याच्या घरच्या भाषेत बिनचूक आहे. लाल शाई हा भेद दाखवू शकत नाही.

गुरुवार : अंकगणित. युटातील वर्गात गणित चिनीतून शिकविण्यास एक आनुषंगिक आधार मिळतो. चिनीत अकराला 'दहा-एक' व एकोणिसाला 'दहा-नऊ' म्हणतात. संख्येची रचना तिच्या नावातच दिसते. आर्यभारतीय भाषांत ती सोय नाही. हिंदी 'उन्नीस', 'उनतीस' व मराठी 'एकोणीस', 'एकोणतीस' यांत पुढील दशकातून एक उणा केलेला आहे, आणि लिहिताना मात्र मागील दशकाचा अंक लिहावा लागतो. छत्तीसगडच्या खेड्यांत विसाच्या गटाने मोजण्याची जुनी रीत आहे. वीस म्हणजे एक 'कोरी', चाळीस म्हणजे 'दू कोरी'. धान मापताना वीस काठ्यांची एक खांडी होते. मराठीतील वीस मणांची खंडी ही त्याच कुळातली. शहरी घरांतून ही मापे झपाट्याने नाहीशी होत आहेत, हे खरे. तरी ज्या मुलाचा आजोबा कोरीने मोजतो त्याला दशकाची कल्पना 'अर्धी कोरी' म्हणून देता येते. घरच्या भाषेत संख्येचे शहाणपण आहे, केवळ गाणी नाहीत, हे दाखविणारा हा तास आहे. आणि नेमका याच तासातून घरची भाषा सर्वांत आधी हद्दपार होते.

शुक्रवार : परिसराचा पाठ. बाजारातील वस्तूंची नावे हा पहिलीतील एक ठरलेला घटक आहे. कांद्याला छत्तीसगढीत 'गोंदली', हिंदीत 'प्याज'. वांग्याला 'भांटा' आणि 'बैंगन'. टोमॅटोला 'पताल' आणि 'टमाटर'. 'जोंधरा' हा शब्द तर विशेष मनोरंजक आहे. छत्तीसगढीत त्याचा अर्थ मका. मराठी मुलाला त्यात 'जोंधळा' ऐकू येतो व त्याच्या घरी तो ज्वारीचा वाचक असतो. एक शब्द दोन प्रदेशांत दोन पिकांना लागला. मंगळवारची ळ आणि र यांची जोडी येथे पुन्हा भेटते. या पाठात मुलाचे ज्ञान शिक्षकाच्या ज्ञानापेक्षा कमी नसते, कित्येकदा अधिक असते. भाजी विकणाऱ्या कुटुंबातील मूल एरवी वर्गात गप्प बसते. शुक्रवारी त्याला पंचवीस शब्द येतात. ते शब्द फळ्यावर लिहिले गेले, तर त्याची भाषा लिहिण्याजोगी आहे हे त्याला कळते. ते केवळ ऐकून त्यांच्या जागी हिंदी शब्द लिहिले गेले, तर त्यालाही एक गोष्ट कळते. मात्र ती वेगळी असते.

शनिवार : गोष्ट, गाणे व सण. या दिवशी दप्तराविना शाळा भरविण्याची पद्धत राज्यात अलीकडे आली आहे. छत्तीसगढी भाषेला वर्गात मोकळेपणाने वावरण्याची मुभा मिळते ती प्रायः याच दिवशी. हरेलीला नांगर-कुदळीची पूजा होते व मुले गेडीवर चढतात. पौष पौर्णिमेच्या छेरछेराला ती दारोदारी धान मागत हिंडतात. पोऱ्याला मातीचे बैल ओढतात. विदर्भातून आलेल्या घरी त्याच सुमारास तान्हा पोळा असतो. पोळा व पोरा हे एकाच अमावास्येला येतात. परंतु महिने अमावास्येला संपविणाऱ्या मराठी पंचांगात ती अमावास्या श्रावणाची, आणि महिने पौर्णिमेला संपविणाऱ्या उत्तरेकडील पंचांगात भाद्रपदाची. एकच दिवस, एकच बैल, महिन्याची नावे दोन. द्विभाषिकता म्हणजे काय हे सांगण्यास याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही.

४

या आठवड्याकडे एकत्रितपणे पाहिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. घरच्या भाषेला शनिवार मिळतो. सोमवार ते शुक्रवार तिच्याकडे साधन म्हणून पाहिले जाते. मूल रडत असेल, सूचना कळत नसेल, पाठ उमगत नसेल, तर शिक्षक छत्तीसगढीत बोलतो. वाचन, लेखन व परीक्षा या तिन्ही प्रतिष्ठेच्या क्रिया हिंदीत होतात. ही व्यवस्था द्विभाषिक दिसते. परंतु तिचा हेतू पहिली भाषा लवकरात लवकर अनावश्यक करणे हा असतो. निमज्जनाच्या मूळ कल्पनेत दोन्ही भाषा अखेरपर्यंत टिकाव्यात अशी अपेक्षा आहे. कोरल वे शाळेत स्पॅनिश ही इंग्रजीपर्यंत पोहोचण्याची शिडी नव्हती. ती स्वतः एक गंतव्य होती.

शासकीय धोरणाचा विचार केल्यास अनुकूल वचनांची उणीव नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा निर्देश आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अध्यापनाचे माध्यम शक्य तितके मातृभाषा असावे असे म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत घरच्या वा स्थानिक भाषेचा पुरस्कार केला. त्याच वर्षी प्रजासत्ताक दिनी छत्तीसगडच्या मुख्यमंत्र्यांनी प्राथमिक शाळांत छत्तीसगढी, गोंडी, हलबी आदी स्थानिक भाषांतून शिक्षण देण्याची घोषणा केली, आणि हिंदी व स्थानिक भाषा असे दुहेरी पाठ असलेली पुस्तके तयार झाली. पुस्तक झाले ही मोठी गोष्ट आहे. तथापि पुस्तकातील दोन भाषांपैकी कोणत्या भाषेतील प्रश्न परीक्षेत येतात हे मुलाला आणि पालकाला फार लवकर समजते. भाषेचे वर्गातील खरे स्थान घोषणेने ठरत नाही, ते वेळापत्रकाने ठरते.

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की छत्तीसगढी स्वतः एकरूप नाही. मग कोणती छत्तीसगढी लिहावयाची? परंतु हा आक्षेप कोणत्याही भाषेवर तिच्या प्रमाणीकरणाच्या आरंभी घेता आला असता, मराठीवरही. पहिलीच्या मुलाला प्रमाण रूप देण्यापेक्षा त्याचे स्वतःचे रूप लिहू देणे अधिक महत्त्वाचे आहे. दुसरा आक्षेप पालकांचा : मुलाला पुढे हिंदी व इंग्रजीच लागणार. ही चिंता यथार्थ आहे, तिला हसण्यावारी नेता येणार नाही. मात्र सेंट लँबर्ट येथील अभ्यासाने दाखविले ते हे की नव्या भाषेवर दिलेला वेळ घरच्या भाषेला मारक ठरला नाही. तेथील घरची भाषा बलवान होती, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे. जिथे घरची भाषा दुर्बळ स्थानी आहे तिथे तिला जाणीवपूर्वक वेळ देणे अधिकच आवश्यक ठरते. तिसरा आक्षेप ओडिया, तेलुगू, सिंधी वा मराठी मुलांचा : त्यांना छत्तीसगढी का? येथे उत्तर असे की ज्या वर्गात एका घरच्या भाषेला फळ्यावर स्थान मिळते, त्या वर्गात इतर घरच्या भाषांनाही ते मागता येते. जिथे फक्त एकच भाषा शुद्ध आहे तिथे बाकी सर्व भाषा सारख्याच अशुद्ध असतात.

रायपूरच्या बाजूने एक अनुकूल गोष्टही आहे. युटातील शाळांना चिनी शिक्षक परदेशांतून आणावे लागतात. रायपूर परिसरातील अनेक शिक्षकांना छत्तीसगढी व हिंदी दोन्ही भाषा येतातच. साधन उपलब्ध आहे. आठवड्यातील काही निश्चित तास घरच्या भाषेचे, त्या तासांत वाचन-लेखनही त्याच भाषेत, मूल्यमापनात तिला वाटा, आणि वही तपासताना 'चूक' व 'दुसऱ्या भाषेचे रूप' यांसाठी दोन वेगळ्या खुणा, एवढ्या गोष्टी नव्या खर्चाविना होऊ शकतात. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत लहान आहे आणि बहुधा सर्वांत परिणामकारक ठरेल. 'मोला' ला काट न मारता त्याखाली रेघ ओढून शेजारी 'मुझे' लिहिले, तर मुलाच्या वहीत दोन भाषा शेजारी नांदतात.

५

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे विचारता येईल. त्याचे उत्तर याच प्रदेशाच्या इतिहासात आहे. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांची मातृभाषा मराठी. त्यांचे शिक्षण व पुढील वास्तव्य रायपूरशी निगडित होते. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढले. १९०१ साली त्यात प्रसिद्ध झालेल्या 'एक टोकरी भर मिट्टी' या त्यांच्या कथेची गणना हिंदीतील आद्य कथांत होते. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' व समर्थांचा 'दासबोध' त्यांनी हिंदीत आणले. रायपूरजवळच्या राजनांदगाव येथे १९५८ पासून अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले. ते हिंदीचे युगप्रवर्तक कवी झाले, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी 'क्षिप्रा', 'सरहद्द' व 'जन हे वोळतु जेथे' या कादंबऱ्या मराठीत लिहिल्या. एका घरातून दोन वाङ्मये समृद्ध झाली. या लेखकांना एक भाषा मिळविण्यासाठी दुसरीची लाज बाळगावी लागली नाही. त्यांच्या घरच्या भाषेपाशी लिपी, ग्रंथ आणि प्रतिष्ठा होती. छत्तीसगढी मुलाजवळ लिपी आहे, ग्रंथही आहेत. प्रतिष्ठा वर्गात मिळावयाची आहे.

महाराष्ट्रातील वाचकालाही हा प्रश्न परका नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणण्याचा निर्णय काढला, त्यावर तीव्र मतभेद झाले, आणि जूनअखेर तो मागे घेण्यात आला. त्या वादात भाषांची संख्या व सक्ती यांचीच चर्चा अधिक झाली. जवळच्या दोन भाषा सहा वर्षांच्या मुलापुढे एकाच लिपीत ठेवल्यास त्यांतील अंतर कोण समजावून सांगणार, आणि कोणत्या भाषेचे रूप चूक म्हणून गणले जाणार, हा शिक्षणाचा प्रश्न मागे राहिला. रायपूरच्या मराठी कुटुंबांनी तो पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या घरी सोडविला आहे : शाळेत 'घोड़ा' टिंब देऊन आणि घरी पत्रात टिंबाविना. ज्यांच्या घरी असे समजावून सांगणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी ते काम शाळेनेच करावयास हवे. पुढील पिढीत छत्तीसगढीचे वाचक असतील की नाही, याचा निर्णय साहित्यसंमेलनांत होणार नाही. पहिलीतील मूल वहीत 'मोला' लिहिते तेव्हा त्याखाली कोणती खूण केली जाते, यावर तो बराचसा अवलंबून आहे.